गोव्यातल्या इंटिरिअर डिझायनरनं पुढचं शिक्षण कुठून आणि कसं घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा: डिप्लोमा करून सहा वर्षं झाली, म्हापशात लहानसं ऑफिस आहे, हाताखाली दोन मुली आहेत. पर्वरीचे फ्लॅट आणि आसगाव-शिवोलीकडची बाहेरच्या लोकांची घरं अशी कामं चालू आहेत. आजूबाजूचे डिझायनर नावापुढे सर्टिफिकेटांची अक्षरं लावू लागलेत. मग आपल्या व्यवसायात पुढे शिकत राहणं कायद्यानं बंधनकारक आहे का, कोणते कोर्स करावेत, आणि काही लाख रुपये घालून ऑनलाइन मास्टर्स करण्यात अर्थ आहे का?

बंधनकारक नाही. भारतात इंटिरिअर डिझायनरला परवाना देणारी वैधानिक संस्थाच नाही, त्यामुळे परवान्याचं नूतनीकरण आणि त्यासाठीचे तास हा प्रश्नच उद्भवत नाही. आर्किटेक्टांसाठी १९७२ चा कायदा आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर आहे. त्यातलंही ३७वं कलम ‘आर्किटेक्ट’ या नावाचं रक्षण करतं, त्या कामावर मक्तेदारी देत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं. आपल्याला तेवढंही संरक्षण नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स, ज्याला सगळे ट्रिपल आय-डी म्हणतात, ती १९७२ पासून आहे. पण ती सभासदांची संघटना. तिचं सभासदत्व जरूर घ्या, ओळखी होतात, व्याख्यानं ऐकायला मिळतात. ते नसलं म्हणून कुणी तुमचं काम थांबवू शकत नाही, इतकंच.

बाहेर तसं नसतं. ब्रिटनमध्ये रीबाच्या, म्हणजे तिथल्या आर्किटेक्टांच्या संस्थेच्या, सनदी आर्किटेक्टला वर्षाला ३५ तास शिकल्याची नोंद ठेवावी लागते. लीड या हरित इमारतींच्या मानांकनाच्या परीक्षा दिलेल्यांपैकी ग्रीन असोसिएटला दर दोन वर्षांत १५ तास भरावे लागतात, लीड एपीला ३०. आपल्याकडे हा धाक नाही, त्यामुळे दोन गोष्टी होतात. काही जण डिप्लोमाच्या वेळच्या माहितीवर निवृत्तीपर्यंत काम ओढतात. आणि काही जण, तुम्ही म्हणता तसे, अक्षरं गोळा करतात, कारण गिऱ्हाइकाला दोघांतला फरक ओळखायला दुसरं साधन नसतं.

मी फोंड्याची. माझं बरंचसं काम जुन्या घरांच्या दुरुस्तीचं आणि लहान हॉटेलांचं. पुढचं सगळं मत त्या बाजूला झुकलेलं आहे, हे धरून वाचा.

माझं म्हणणं असं की काय शिकायचं ते कोर्सच्या जाहिरातीवरून ठरवू नये, स्वतःच्या जुन्या साइटवरून ठरवावं. दोन पावसाळे काढलेलं तुमचंच एखादं घर निवडा आणि ऑगस्टमध्ये तिथं जा. हँडओव्हरच्या दिवशी ज्या कोपऱ्यांतून फोटो काढले होते त्याच कोपऱ्यांतून पुन्हा काढा. कपाटं उघडून मागचं प्लाय हातानं चाचपा. सिंकखालचा तळ पाहा, स्कर्टिंगच्या वरची पट्टी पाहा, बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल, एसीच्या ग्रिलभोवतीचं छत पाहा. मालक दिल्ली-मुंबईला असेल, त्याला विचारून फार काही कळणार नाही. त्याला फक्त ‘घराला वास येतो’ एवढं ठाऊक असतं. घर झाडणाऱ्या बाईला आणि राखणदाराला विचारा. कुठलं दार जूनमध्ये अडकतं, कुठल्या खोलीत कपडे ठेवता येत नाहीत, कुठला बोर्ड चरचरतो हे त्यांना पाठ असतं.

या फेरीतून जे हाती लागतं त्यातलं प्रत्येक दुखणं एका विषयाकडे बोट दाखवतं. गोव्यात वारंवार दिसणारी चार सांगते.

पहिलं म्हणजे कपाटातली काळी बुरशी. पुष्कळ डिझायनर याचं खापर प्लायवर फोडतात आणि पुढच्या घरात आणखी महागडं प्लाय लावतात. बुरशी पुन्हा येते. कारण हवेत आहे. जुलैमध्ये बाहेरची हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के धरली, तर तिचा दवबिंदू सुमारे २६ अंश येतो. म्हणजे २६ अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर ती हवा पाणी सोडणार. शेजारच्या बेडरूममध्ये एसी २२ वर चालू आहे, मधली भिंत थंड झाली आहे, आणि तिच्या दुसऱ्या बाजूला, एसी नसलेल्या खोलीत, तुम्ही भिंतीला चिकटवून कपाट उभं केलं आहे. वारा लागत नाही, उजेड नाही, कपाटाच्या पाठीवर ओल धरते. कपाट भिंतीपासून दोन बोटं सुटं ठेवणं, वर-खाली हवेला वाट देणं, किंवा ते दुसऱ्याच भिंतीला नेणं हे उपाय ड्रॉइंगच्या टप्प्यावर फुकटात होतात. नंतर ते हजारोंत जातात. यासाठी शिकायचा विषय बिल्डिंग सायन्स: उष्णता, आर्द्रता, हवा कशी खेळते. आपल्या डिप्लोमांत हा विषय एखाद्या प्रकरणात उरकतात. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचावर आयआयटींच्या प्राध्यापकांचे या विषयाचे पूर्ण कोर्स आहेत. शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरावी लागते. सायक्रोमेट्रिक चार्ट, म्हणजे हवेचं तापमान, आर्द्रता आणि दवबिंदू यांचा तक्ता, वाचता येऊ लागला की गोव्यातली निम्मी कोडी सुटतात. वर्षातले आठ-नऊ महिने बंद राहणाऱ्या घरांना तर हे ज्ञान फर्निचरच्या रंगापेक्षा जास्त गरजेचं आहे. एसी, पंखे, खिडक्या काहीच चालू नसताना ते घर कसं श्वास घेणार याचा विचार त्या डिझाइनमध्ये कुणी केलेलाच नसतो.

दुसरं, जुन्या चिऱ्याच्या भिंतीला आलेले फोड. जांभा चिरा जमिनीतलं पाणी वर ओढतो. पूर्वी त्याच्यावर शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा असायचा, वर चुन्याचाच हात. ओल वर चढायची आणि गिलाव्यातून उडून जायची. दर एक-दोन वर्षांनी चवथीच्या आधी नवा हात मारला की झालं. आता त्याच भिंतीला सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी, त्यावर धुता येणारा प्लास्टिक रंग. पाण्याची वाट बंद झाली. ते आणखी वर चढतं, सोबत आणलेले क्षार रंगाच्या मागे साठतात, लोणा धरतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. मग वॉटरप्रूफिंगवाला येतो आणि आणखी एक थर चढवतो. यावर शिकायला ऑनलाइन व्हिडिओ पुरत नाही. चुना भिजवणं, मळणं, वाळूचं प्रमाण, गिलावा ओला ठेवण्याचे दिवस हे हातानं करून पाहावं लागतं. वारसा जतन करणाऱ्या इंटॅक या संस्थेची हेरिटेज अकॅडमी जतनाच्या विषयांवर प्रशिक्षण देते. ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटमध्ये मातीच्या बांधकामाच्या कार्यशाळा होतात, तिथं चुना-माती हाताळायची भीती जाते. त्याहून जवळचा मार्ग म्हणजे एखाद्या देवळाच्या किंवा जुन्या घराच्या दुरुस्तीवर चुन्याचं काम चालू असेल तिथं मिस्त्रीच्या शेजारी उभं राहणं. असे मिस्त्री आता कमी उरलेत, त्यामुळे याला घाई आहे.

तिसरं, समुद्राकाठचं लोखंड आणि स्टील. ‘स्टेनलेस आहे, गंजणार नाही’ हे वाक्य दुकानदार बोलतो आणि आपण पुढे गिऱ्हाइकाला ऐकवतो. ३०४ ग्रेडच्या स्टीलवर खाऱ्या हवेत तांबूस ठिपके येतात; ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे क्लोराइडसमोर ते जास्त टिकतं. कांदोळीच्या किनाऱ्यावरच्या बाल्कनीला आणि फोंड्याच्या स्वयंपाकघराला एकच बिजागरी लिहिणं म्हणजे स्पेसिफिकेशन न लिहिण्यासारखंच. माझ्या ऑफिसच्या गच्चीवर एक फळा टांगलेला आहे. नवीन बिजागरी, हँडल, लॅमिनेटचा तुकडा, पावडर कोटिंगचा नमुना जे काही येईल ते त्यावर एक पावसाळा राहतं. कंपन्यांच्या प्रतिनिधींना हा फळा अजिबात आवडत नाही.

चौथं, वाकलेली दारं. ८० ते ९० टक्के आर्द्रतेत लाकूड साधारण १६ ते २० टक्के ओलावा धरतं. एसीच्या ५० टक्क्यांत तेच लाकूड नऊच्या आसपास येतं. दाराची एक बाजू एसीत, दुसरी पॅसेजमध्ये, मग ते वाकेल नाही तर काय करेल? ओलावा मोजायचं पिनवालं मीटर फार महाग नसतं. साइटवर आलेलं लाकूड त्यानं तपासायची सवय लागली की सुतारही जपून माल निवडू लागतो. आणि प्लायबद्दल एक: आयएस ७१० हे मरीन प्लायचं भारतीय मानक आहे, त्यातला चिकटा ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. बाजारात ‘सातशेदहा’ असा नुसता शिक्का मारलेला माल सर्रास विकला जातो. शिक्क्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर घालून पाहायला अर्धा मिनिट लागतो. बीआयएसची भारतीय मानकं आता त्यांच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. प्लायची (आयएस ३०३ आणि ७१०), फ्लश दरवाजाची (२२०२), ब्लॉकबोर्डची (१६५९) एवढी जरी एकदा बसून वाचलीत तरी पुढच्या खरेदीत तुमची भाषा बदललेली असेल.

ही झाली गिऱ्हाइकाच्या तक्रारीतून निघणारी यादी. पण काही विषय असे आहेत की त्यांची तक्रार यायची वाट पाहता येत नाही, आणि ते मी सगळ्यांच्या आधी ठेवते. त्यात पहिली आग.

६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफड्यातल्या एका नाइट क्लबला आग लागली आणि २५ माणसं गेली. त्यात बहुतेक तिथंच काम करणारी होती. दोष कुणाचा ते तपास आणि न्यायालय ठरवेल, त्यात मी पडत नाही. पण गोव्यात बार, कॅफे, शॅक, छोटी हॉटेलं यांची इंटिरिअर करणाऱ्या प्रत्येकानं त्यानंतर आपली जुनी ड्रॉइंग काढून पाहायला हवी होती. आपण छताला बांबू लावतो, माडाची चुडतां (झावळ्या) लावतो, वेत, कापड, फोम, वाळलेलं गवत लावतो, कारण ‘गोवन व्हाइब’ हवी असते. हे सगळं किती वेळात पेटतं? पेटल्यावर माणसं कुठून बाहेर पडतील? स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांना दुसरी वाट आहे का? दार बाहेरच्या बाजूला उघडतं का, की सजावटीसाठी ते आपणच अरुंद केलं?

याची उत्तरं २०१६ च्या नॅशनल बिल्डिंग कोडच्या चौथ्या भागात आहेत: इमारतीचा वापर कोणत्या गटात मोडतो, किती माणसांना किती रुंदीची वाट लागते, दारापर्यंत जास्तीत जास्त किती अंतर चालावं लागलं तर चालेल, भिंती-छताच्या अस्तरावर ज्योत किती वेगानं पसरू द्यायची. कोड वाचायला कंटाळवाणा आहे, मान्य. एक युक्ती सांगते: तो पहिल्या पानापासून वाचू नका. तुमच्याकडे आत्ता चालू असलेलं एक कॅफेचं ड्रॉइंग समोर ठेवा आणि फक्त त्याला लागू पडणारे परिच्छेद शोधत जा. दोन संध्याकाळींत तुम्हाला त्या भागाचा नकाशा डोक्यात बसेल. मग शंका घेऊन पणजीत सांतइनेजला अग्निशमन आणि आपत्कालीन सेवा संचालनालयात जा. परवान्याची फाइल घेऊन नव्हे, शिकायला आलेय म्हणून जा.

विजेचंही असंच. आपण वायरमन नाही, पण लोड किती येतो, वीज गळली की पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी कुठं हवा, जुन्या घरात अर्थिंग आहे तरी का, हे विचारता येण्याइतकं ज्ञान आपल्याला पाहिजे. वायरिंगचं मानक आयएस ७३२ आहे. आणि भिंती. गोव्यातल्या बहुतेक जुन्या घरांत चिऱ्याच्या भिंतीच भार पेलतात. ‘हॉल मोकळा करू या’ म्हणून त्यातली एक पाडायला निघालात तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही घ्या; इथं स्वतः शिकून धाडस करण्याची जागा नाही. फोंताइन्यासारख्या जतनक्षेत्रात दर्शनी भागाला हात लावायचा तर परवानगीही लागते, किनाऱ्याजवळ सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम, येतात. २०१० ची गोव्याची बांधकाम नियमावली सगळी पाठ नको, पण कुठल्या प्रश्नाला आर्किटेक्टकडे जायचं हे कळण्याइतकी चाळलेली असावी.

सुगम्यतेवर, म्हणजे अपंग आणि वृद्धांना सहज वावरता यावं यासाठी, केंद्र सरकारच्या २०२१ च्या एकत्रित मार्गदर्शक सूचना आहेत, त्याही फुकट. पणजीत २०२३ पासून अपंग व्यक्तींचा पर्पल फेस्ट भरतो. तिथं व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाबरोबर अर्धा दिवस फिरा. निवृत्त होऊन गावी परतणाऱ्या गोंयकारांची घरं तुमच्याकडे येणारच आहेत. बाथरूमच्या दाराची रुंदी तेव्हा आठवेल.

प्रकाशयोजना आणि ध्वनी हे दोन विषय कोर्स करूनच शिकावेत असं माझं मत आहे, कारण डोळ्यांनी आणि कानांनी अंदाज चुकतो. लक्स (उजेड किती), सीआरआय (त्यात रंग किती खरे दिसतात), चकाकी यांचं गणित एकदा समजलं की छतात दिव्यांची रांगोळी काढायची सवय सुटते. ध्वनीवर आयआयटी खरगपूरचा एनपीटीईएल कोर्स आहे. फरशी, काच आणि काँक्रीटची रेस्टॉरंटं करणाऱ्यांनी तो पाहावा. तिथं शेजारच्या टेबलावरचं भांडण आपल्याला शब्दन्‌शब्द ऐकू येतं आणि आपल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही.

आता अक्षरांकडे. आयजीबीसी, गृह, लीड, वेल या हरित आणि आरोग्यदायी इमारतींच्या मानांकनांच्या परीक्षा खोट्या नाहीत. लीडमध्ये आधी ग्रीन असोसिएट आणि मग इंटिरिअरसाठीची आयडी प्लस सी अशी वाट आहे. मोठी हॉटेल साखळी, कॉर्पोरेट ऑफिस, परदेशी गुंतवणूक असलेला प्रकल्प असं काम तुमच्याकडे असेल किंवा दोन वर्षांत यावं असं वाटत असेल, तर करा. पर्वरीचा फ्लॅटवाला तुम्हाला लीडबद्दल विचारणार नाही. शिवाय फी एकदाच नसते, दर दोन वर्षांनी तास भरून आणि पैसे भरून ते जिवंत ठेवावं लागतं. फक्त पाटीवर लावायला हे महाग पडतं.

सॉफ्टवेअरबद्दल फार लिहीत नाही. ऑटोकॅड, स्केचअप येतं तेवढ्यावर तुमचं चालतंय. रेव्हिट तेव्हाच शिका जेव्हा ज्या आर्किटेक्टबरोबर काम करता तो त्यात काम करतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची चित्रं मात्र गिऱ्हाइकं आता स्वतःच घेऊन येतात. त्यातली कमान कशावर उभी आहे, तो वेताचा पॅनेल जुलैत काय होईल, हे समजावून सांगणं हेच आपलं काम होत चाललं आहे, आणि ते वर सांगितलेल्या अभ्यासाशिवाय जमत नाही.

कंपन्यांची सेमिनारं: चहा, प्रेझेंटेशन, जेवण, भेटवस्तू. जाऊ नका असं म्हणत नाही, मीही जाते. पण प्रश्न लिहून न्या. चाचणी कुठल्या मानकाप्रमाणे केली, अहवाल दाखवाल का, मीठ-फवाऱ्याची चाचणी किती तासांची, वॉरंटीत किनाऱ्यापासूनच्या अंतराची अट आहे का? चौथ्या प्रश्नाला बहुधा शांतता पसरते. मुंबईचं एसटेक किंवा बंगळुरूचं इंडियावूड ही प्रदर्शनंसुद्धा अशीच. यादी घेऊन गेलात तर शिकायला मिळतं, नाहीतर दोन पिशव्या कॅटलॉग घेऊन परत येता. हार्डवेअरच्या मोठ्या कंपन्या फिटिंगचं प्रशिक्षण देतात, तिथं स्वतः जाण्याआधी तुमच्या सुताराला पाठवा. त्या दिवसाची मजुरी तुम्ही द्या. सॉफ्ट-क्लोज बिजागरीचे स्क्रू कसे जुळवायचे हे त्याला आलं तर तुमचे निम्मे फोन बंद होतील.

सुतारांचा विषय निघालाच आहे. आपल्याकडच्या जुन्या चारी कुटुंबांतल्या कारागिरांना फणस, मत्ती, सागवान यांतला फरक वासावरून कळतो. कुठलं लाकूड चौकटीला, कुठलं फळीला, कापल्यावर किती दिवस सावलीत ठेवायचं हे ते सांगतात. फक्त त्यांना ‘सर, तुमची मुलाखत घ्यायची आहे’ म्हणून गाठलंत तर काही बोलणार नाहीत. काम चालू असताना बाजूला बसा.

आणि गोव्याची घरं. तोर्ड्याचं हाऊसेस ऑफ गोवा म्युझियम पर्वरीहून हाकेच्या अंतरावर आहे, जेरार्ड दा कुन्हा यांनी उभं केलेलं. तिथं एकदा नाही, दर वेळी वेगळा प्रश्न घेऊन जा. एकदा फक्त खिडक्या पाहा: शिंपल्यांच्या तावदानांतून उजेड कसा गाळून येतो, पडदा न लावता. एकदा फक्त बल्कांव, म्हणजे दारासमोरचा बसायच्या कट्ट्यांचा सोपा. चांदरच्या मिनेझिस ब्रागांझांच्या घरातली बैठक आणि फोंडा तालुक्यातल्या हिंदू घराचं राजांगण (घरातलं मधलं अंगण) यांची तुलना स्वतः मोजमाप घेऊन करा. टेप, कागद, पेन्सिल, फोन खिशात. मोजून काढलेलं एक ड्रॉइंग पिंटरेस्टच्या शंभर चित्रांहून जास्त शिकवतं, कारण बैठकीची उंची, छज्जाची लांबी, दाराची रुंदी हे सगळं हातातून जातं. पणजीत चार्ल्स कोरिया फाउंडेशनचे कार्यक्रम असतात, आल्तिनोच्या गोवा कॉलेज ऑफ आर्किटेक्चरमध्ये बाहेरच्यांची व्याख्यानं होतात, पाट्टोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात गोव्याच्या वास्तूंवरची पुस्तकं बसून वाचता येतात. यातलं काहीही तुमच्या नावापुढे अक्षर लावणार नाही.

धंद्याची बाजू डिझायनर शिकतच नाहीत. डिझाइन सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे, सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची. प्राप्तिकरात इंटिरिअर डेकोरेशन हा अनुमानित उत्पन्नाच्या योजनेतल्या व्यवसायांपैकी एक: ५० लाखांपर्यंतच्या जमेवर, आणि रोख रक्कम पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, निम्मं उत्पन्न धरून कर भरता येतो. हे वर्षानुवर्षं ४४एडीए या कलमानं ओळखलं जायचं. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आल्यावर कलमांचे क्रमांक बदलले. म्हणून सीएबरोबर दर वर्षी एक तास फक्त प्रश्न विचारायला ठेवा. करारनामा लिहायला एखाद्या वकिलाकडून एकदा शिकून घ्या: फी कुठल्या टप्प्याला, बदल किती वेळा फुकट, देखरेख आणि कंत्राट यांतली रेघ कुठे. शिकण्याच्या खर्चातला सगळ्यात लवकर वसूल होणारा भाग हाच, हे मी पैजेवर सांगते.

वेळ कुठून आणायचा, हा तुमचा खरा प्रश्न असावा. चवथीच्या आधीचे दोन महिने विसरा. प्रत्येकाला गणपती नव्या रंगाच्या घरात हवा असतो. डिसेंबरही गेला. मोकळा काळ म्हणजे जूनची दुसरी पंधरवडी आणि चवथ संपल्यानंतरचे काही आठवडे, जेव्हा सुतार गावी जातात. एनपीटीईएलचं एक सत्र जुलै-ऑगस्टच्या सुमारास सुरू होतं, ते वर्षातून एकच घ्या. एका वेळी एक विषय. आणि नोंद ठेवा, कुणी मागत नसलं तरी: तारीख, विषय, कुठल्या साइटच्या कुठल्या दुखण्यासाठी हे शिकले, आणि त्यानंतर स्पेसिफिकेशनमधली कुठली ओळ बदलली. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर तो कोर्स मनोरंजन होता असं समजा. मुलाखतीत मी नव्या मुलांची सर्टिफिकेटं बाजूला ठेवते आणि ही अशी एखादी वही आहे का विचारते.

तुमच्या दोन मुलींनाही यात घ्या. दोघींपैकी एकीला आग आणि वीज, दुसरीला लाकूड आणि हार्डवेअर असं वाटून द्या. महिन्यातून एका शनिवारी दुपारी एकीनं दुसरीला आणि तुम्हाला शिकवायचं. शिकवायला लागलं की वाचावंच लागतं. त्या पुढे स्वतःचं ऑफिस काढतील, ही भीती मनात येतेच. काढू देत.

राहिलं ऑनलाइन मास्टर्स. कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर पदवी लागणारच, तेव्हा तो खर्च समजू शकते; पण डिप्लोमावर थेट मास्टर्सला प्रवेश देणाऱ्या जाहिरातीकडे जरा संशयानं पाहा. संस्था भारतातली असेल तर ऑनलाइन पदव्यांसाठी यूजीसीची मान्यतायादी असते, त्यात त्या अभ्यासक्रमाचं नाव शोधा. परदेशी विद्यापीठाचं नाव आणि मध्ये शिकवणी कंपनी असा जोड असेल तर यूजीसी ती पदवी मानतं का हे लेखी विचारा. नंतर एक मेल प्रवेश विभागाला लिहा: माझी ड्रॉइंग कोण तपासणार, ते स्वतः सध्या काम करतात का, आणि उष्ण-दमट हवामानातल्या इमारतींवर अभ्यासक्रमात किती तास आहेत. शिकवायचं मनात नसेल तर तेवढ्याच पैशात दोन एनपीटीईएल कोर्स, एक चुन्याची कार्यशाळा, एक बंगळुरूची फेरी, एक ओलावा मीटर आणि वकिलाची फी बसते, आणि वर काही उरतंही. त्यातून सुरुवात करायची तर येत्या ऑगस्टमध्ये आसगावच्या त्या पहिल्या घराची किल्ली राखणदाराकडून मागून घ्या.